हार्ड डिस्क स्लो झालीय? या चुका टाळा, नाहीतर डेटा जाईल

फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागतायत, कॉपी मधेच अडकतेय, असं झालं की बहुतेक जण सगळ्यात आधी चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासायचं टूल, चालवतात, आणि नेमकी हीच मोठी चूक आहे. चेकडिस्क फाइल सिस्टीममधला घोळ निस्तरतं, मरायला टेकलेली डिस्क बरी करत नाही. त्यात स्लॅश आर (/r, खराब सेक्टर शोधायचा पर्याय) लावून चालवलं तर ते अख्खा ड्राइव्ह वाचत बसतं, मोठा ड्राइव्ह असेल तर कित्येक तास, आणि डिस्कवरचा डेटा वाचणारं जे हेड आधीच कसंबसं चालतंय ते तेवढ्यात मान टाकू शकतं. माझ्या बहिणीच्या प्रोजेक्टचा डेटा असाच गेला, मीच रात्री लावून झोपलो होतो, सकाळी बायोसमधे, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमधे, ड्राइव्ह दिसतच नव्हता. ते अजून मनाला लागतं, म्हणून कळकळीने सांगतोय, आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा, मग दुरुस्तीचं बघा.

कॉपी करताना पण सगळं एकदम ओढू नका. जे परत कुठेच मिळणार नाही, म्हणजे फोटो, कागदपत्रं, कामाच्या फाइल्स, ते आधी घ्या, एखाद्या फोल्डरवर अडकलं तर ते सोडून पुढे जा. लिनक्स जमत असेल तर डीडीरेस्क्यू हे डेटा वाचवायचं टूल वापरा, ते नीट वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि खराब भागाकडे शेवटी वळतं. पण टकटक किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर काहीच करत बसू नका, लगेच बंद करा आणि डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे न्या.

आता डिस्क खराब होतेय हे आधी कळतं का, तर बऱ्याचदा कळतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर टाकून स्मार्ट व्हॅल्यू, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवतो ती, बघा, महिन्यातून एकदा पुरे. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले), पेंडिंग (संशयित) आणि अनकरेक्टेबल (वाचताच न येणारे) सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, या तिन्हींची रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) ० हवी, वाढत चालली असेल तर नवीन ड्राइव्ह घ्यायची वेळ झाली. त्यात हे आकडे मुळात हेक्समधे, म्हणजे १६ च्या पटीत मोजायच्या पद्धतीत, दिसतात, म्हणजे शेवटी १० दिसलं तर ते खरं १६ असतं, सेटिंगमधून डेसिमल (नेहमीचे आकडे) करून घ्या. सीआरसी एररचा, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नका, बहुतेक वेळा डिस्क जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब असते. केबल बदलल्यावर जुना आकडा कमी होत नाही, फक्त पुढे वाढत नाही ना ते बघायचं. आणि वर नुसतं 'गुड' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, काही ड्राइव्ह काहीच इशारा न देता जातात, त्यामुळे बॅकअप हवाच.

डीफ्रॅगबद्दल, म्हणजे फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याबद्दल, थोडक्यात. फिरणाऱ्या डिस्कला त्याचा फायदा होतो, एसएसडीला (न फिरणाऱ्या, चिपवाल्या ड्राइव्हला) नाही, तिथे उगाच रायटिंग वाढतं. एसएसडीला ट्रिम (डिलीट झालेल्या फाइल्सची जागा मोकळी झाली हे ड्राइव्हला कळवणं) लागतं आणि विंडोज १० आणि ११ ते आपोआप करतात, तेव्हा वेगळं सॉफ्टवेअर टाकूच नका. डिस्क काठोकाठ भरणं पण टाळा, १०-१५ टक्के जागा मोकळी ठेवा, नाहीतर नवीन फाइल्सचे तुकडे होऊन इथेतिथे पडतात आणि हेडची धावाधाव वाढते.

चालू लॅपटॉप उचलून इकडे-तिकडे ठेवायची सवय असेल आणि आत फिरणारी डिस्क असेल तर ती सवय सोडा. प्लॅटर, म्हणजे आतली तबकडी, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असतं आणि हेड त्याच्यावर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, एक धक्का बसला की हेड घासतं, आणि घासलं की तो भाग गेला. एक्सटर्नल ड्राइव्ह पण इजेक्ट करून, फिरायचा थांबला की मगच हलवा.

बंद पडलेली डिस्क फ्रीजरमधे ठेवायचा उपाय अजून लोकं सांगतात, तो अजिबात करू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि रिकव्हरीवाल्याचं काम अजून अवघड होतं. घरी उघडून बघणंही तसंच, धुळीचा एक कण त्या हेडखालच्या जागेपेक्षा कितीतरी मोठा असतो.