नाइटचं चिलखत: कथा लिहिताना, चित्र काढताना या चुका टाळा

मध्ययुगीन युरोपातला नाइट आपल्या कथांत, चित्रांत आणि गेममध्ये एक तर मरतच नाही, नाहीतर तलवारीच्या पहिल्याच घावात चिलखतासकट उभा चिरला जातो. दोन्ही खोटं.

‘घोड्यावर चढवायला क्रेन लागायची’ ही थाप तर आधी काढून टाका. पंधराव्या शतकातलं लढाईचं पूर्ण पोलादी चिलखत साधारण 20 ते 25 किलोचं असे आणि ते वजन अंगभर विभागलेलं असे. फ्रान्सचा मार्शल, म्हणजे बडा सेनाधिकारी, बूसिको चिलखत घालून कोलांटी मारायचा, असं त्याच्या चरित्रात नोंदलं आहे. खरं जड असे ते भालाझुंजीच्या स्पर्धेचं चिलखत. ते रणात नेत नसत.

काळाची गल्लत जास्त महाग पडते. 1066 मध्ये इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या लढाईत लढणाऱ्याच्या छातीवर चकाकता पत्रा दाखवू नका. तेव्हा होतं कड्यांचं चिलखत. त्यावर तलवारीची धार अडायची, पण मार आत पोचायचा. म्हणून खाली जाड शिवलेला अंगरखा लागे. पुढे कापडाच्या आत रिव्हेटनं बसवलेल्या लोखंडी पट्ट्या आल्या आणि 1400 नंतर नखशिखांत पोलाद. स्वीडनच्या गोटलंड बेटावर विस्बी इथं 1361 च्या लढाईतल्या सामूहिक कबरी सापडल्या. मेलेले बरेचसे गावकरी होते, नाइट नव्हे. त्यांच्या नडगीच्या हाडांवर घावांच्या खुणा भरपूर आहेत. जिथं संरक्षण नाही, तिथंच वार.

झुंजीचा प्रसंग फसत असेल तर दोष बहुधा हत्याराचा असतो. तलवार पोलादी पत्रा कापत नाही. म्हणून ढाल मागे पडली, दोन्ही हात मोकळे झाले आणि लांब दांड्याची कुऱ्हाड-हातोडी आली. तलवारही पात्याच्या मध्यावर धरून भोसकायला वापरत. आधी प्रतिस्पर्ध्याला आडवा पाडा, मग काखेत किंवा शिरस्त्राणाच्या फटीत खंजीर घाला. चेहरा उघडा ठेवलात तर परिणामही दाखवा: 1403 मध्ये श्रूजबरीच्या लढाईत 16 वर्षांच्या इंग्लिश राजपुत्र हेन्रीच्या चेहऱ्यात बाण घुसला होता, जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्यानं तो काढला. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. त्याचा 2012 मध्ये लेस्टरला सापडलेला सांगाडा पाहा. त्या लढाईतल्या (1485) बहुतेक जखमा कवटीवर आहेत, म्हणजे शेवटी डोक्यावर शिरस्त्राण नव्हतं.

आणि प्रत्येक हरलेल्याला मारूही नका! जिवंत नाइट म्हणजे खंडणी. बूसिको 1415 मध्ये इंग्रजांविरुद्धच्या अजिंकूरच्या लढाईत पकडला गेला आणि 1421 मध्ये इंग्लंडच्या कैदेत वारला. पण अजिंकूरच्या लढाईच्याच दिवशी इंग्लंडचा राजा पाचव्या हेन्रीनं, म्हणजे श्रूजबरीच्या त्याच राजपुत्रानं, कित्येक कैद्यांना मारण्याचा हुकूम दिला होता. म्हणजे खंडणीच्या पैशानं जीव वाचेल, ही हमी कच्चीच.

बंदूक आल्याबरोबर चिलखत संपलं, असंही लिहू नका. कारागीर छातीच्या पत्र्यावर गोळी झाडून तो पारखून देत. पत्रा जाड होत गेला, वजन सोसेना, तेव्हा आधी पायांचं चिलखत गळालं. छातीचं मात्र सतराव्या शतकातही घोडेस्वारांच्या अंगावर होतं.