अर्धवट सुटलेली पदवी: आधी हिशेब, मग फी

दहा-पंधरा वर्षांपूर्वी एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, सुटलेली पदवी पुन्हा हातात घेणारे बहुतेक जण थेट प्रवेशाच्या जाहिरातीकडे वळतात आणि पैसे भरून मोकळे होतात. त्या वयात पदवी अवघड विषयामुळे क्वचितच अडते. ती अडते कोपऱ्यात राहून गेलेल्या बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या पेपरमुळे, अंतर्गत गुणांच्या रिकाम्या रकान्यामुळे, नाहीतर आधार कार्डावरच्या आणि बारावीच्या मार्कशीटवरच्या वेगवेगळ्या नावांमुळे. म्हणून आधी एक संध्याकाळ जुनी फाइल घेऊन बसा.

फाइलमध्ये दहावी-बारावीची कागदपत्रं, कॉलेज सोडल्याचा दाखला, पीआरएन म्हणजे कायम नोंदणी क्रमांक आणि प्रत्येक सत्राची गुणपत्रिका हवी. नापास झालेल्या गुणपत्रिकाही ठेवा. एटीकेटीचा, म्हणजे नापास होऊनही पुढच्या वर्षात जाताना मागे राहिलेला पेपर दुसऱ्या खेपेला सुटला असेल, तर ते गुण वेगळ्या कागदावर असतात आणि तोच कागद नेमका हरवलेला असतो. तो नसेल तर दुय्यम प्रतीसाठी विद्यापीठाकडे आताच अर्ज टाका, त्यात वेळ जातो.

मग एका मोठ्या कागदावर रकाने आखा: सत्र, पेपर, क्रेडिट (पेपरचा अभ्यासभार मोजण्याचं एकक) किंवा कमाल गुण, लेखी गुण, अंतर्गत गुण, निकाल. लेखी आणि अंतर्गत गुण वेगळे लिहायचे, कारण अनेक ठिकाणी दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. लेखीत ६० गुण आहेत, पण अंतर्गत परीक्षेला गैरहजर म्हणून पेपर राहिलाय, हे एकूण बेरजेकडे पाहून कळत नाही. टक्केवारीत न धरले जाणारे पेपरही यात घ्या. पर्यावरण अभ्यास हा त्यातला नेहमीचा खोडा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर तो पदवीला अनिवार्य झाला. तेव्हा कोणी तो मनावर घेतला नाही आणि आता निकाल त्याच्यावरच अडलेला असतो.

यानंतर विचारायचं ते पॅटर्नबद्दल, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षेच्या रचनेबद्दल. तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचा पॅटर्न तुम्हाला लागू असतो, आज शेजारचा मुलगा शिकतोय तो नव्हे. अभ्यासक्रम बदलला की जुन्या पॅटर्नच्या काही ठरावीक परीक्षा होतात आणि मग त्या बंद होतात. शिवाय पदवीची नेहमीची मुदत अधिक दोन वर्षं, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची मार्गदर्शक मर्यादा आहे. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला पाच. त्यापुढे सवलत द्यायची की नाही हे विद्यापीठाच्या हाती असतं आणि काही वेळा विशेष संधी जाहीरही होते.

खिडकीवरचं तोंडी उत्तर धरून चालू नका. परीक्षा विभागाला लेखी अर्ज द्या, त्यात पीआरएन आणि प्रवेशाचं वर्ष लिहा आणि तीनच प्रश्न विचारा: माझ्या पॅटर्नची परीक्षा अजून होते का? नसेल तर राहिलेल्या पेपरांना नव्या अभ्यासक्रमातले समकक्ष पेपर कोणते? मुदतवाढ मिळते का? अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचाच. परीक्षा होत असेल तर रिपीटरचा फॉर्म भरून काम भागतं. समकक्ष पेपर असतील तर ती यादी लेखी मिळवल्याशिवाय पुस्तकं घेऊ नका, कारण नाव तेच आणि क्रेडिट वेगळं असं बऱ्याचदा असतं.

‘जुने गुण एबीसीत टाका, सगळं जुळतं’ असा सल्ला हमखास मिळेल. एबीसी म्हणजे अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणारं ऑनलाइन खातं. ही व्यवस्था २०२१ची आहे. तिच्यातून हस्तांतर होतं ते २०२१-२२ पासून शिकलेल्या अभ्यासक्रमांच्या क्रेडिटचं आणि जमा क्रेडिटची मुदत साधारण सात वर्षं असते. २००९ची मार्कशीट तिथे चालत नाही. जुनं शिक्षण धरायचं की नाही, हे नव्या विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमावर ठरतं आणि तेही प्रवेशाच्या आधी विचारायचं असतं.

सगळेच दरवाजे बंद निघाले तर नव्याने प्रवेश. नोकरी-संसार सांभाळून रोज कॉलेजला जाणं बहुतेकांना शक्य नसतं, म्हणून सरळ मार्ग मुक्त विद्यापीठाचा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चं. मराठी माध्यमातून बीए करायचं तर तेच सोयीचं. अभ्यासकेंद्र घराजवळचं निवडण्यापेक्षा जिथे संपर्क सत्रं खरोखर होतात ते निवडा. आधी एखाद्या रविवारी जाऊन बघा. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५चं, प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे आणि नागपूरला, साहित्य मुख्यतः हिंदी-इंग्रजीत. दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी आता आधी एबीसी आयडी आणि त्यावरून डेब आयडी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक, काढावा लागतो. त्या सत्रासाठी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ते आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. ‘एका वर्षात पदवी’ किंवा ‘मागच्या तारखेची मार्कशीट’ देणाऱ्या एजंटकडे वळूसुद्धा नका. पडताळणीत असली पदवी टिकत नाही.

इग्नूत लोक कुठे अडकतात ते ठरलेलं आहे. पदवीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात सत्रांत परीक्षेला सहसा ७० टक्के आणि असाइनमेंटला ३० टक्के भार असतो आणि दोन्हींत वेगवेगळे ३५ टक्के लागतात. असाइनमेंटचे प्रश्न त्या-त्या सत्रापुरते असतात. गेल्या वर्षीचे प्रश्न सोडवून दिले तर मेहनत वाया जाते. जमा केल्याची पावती आणि पानांचे फोटो जपून ठेवा, कारण असाइनमेंट दिली तरी ग्रेड कार्डावर गुण चढलेले नाहीत, ही तक्रार रोजची आहे आणि पावतीशिवाय ती कोणी ऐकत नाही. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात, त्यांचा फॉर्म दर वेळी वेगळा भरायचा असतो. पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणीही वेगळी असते, पण तिच्यासाठी मागचं वर्ष पास असावं लागत नाही. तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुभा आहे.

ती मुभा वापरा. इग्नू एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतं. १३२ क्रेडिटची पदवी म्हणजे ३,९६० तास. तीन वर्षांत बसवायचं तर आठवड्याला २५ तास, पाच वर्षांत १५, सहात साडेबारा-तेरा. घरात लहान मूल आणि रोजचा लोकलचा प्रवास असेल तर पंचवीस तास निघत नाहीत, हे आधीच मान्य केलेलं बरं. जूनला दोन-तीन पेपर आणि डिसेंबरला दोन-तीन, असं वाटून घ्या.

नियमित कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणाखाली प्रवेश घेणार असाल तर हिशेब वेगळा. राज्यात साधारण सत्राला २२ क्रेडिट, सहा सत्रांना १३२. मात्र १३२ भरले म्हणजे पदवी मिळाली असं नाही. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (इतर शाखेतला ऐच्छिक विषय), कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली असे कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्पा वेगळा भरावा लागतो. एकात जास्त झालेले क्रेडिट दुसऱ्यात ओतता येत नाहीत. नोकरदारांची खरी अडचण ओजेटीची, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंगची असते: चार क्रेडिट, म्हणजे साधारण १२० तास प्रत्यक्ष काम. सध्याची नोकरी मेजर विषयाशी जुळत असेल तर ती ओजेटी म्हणून धरतील का, हे विभागप्रमुखांना पहिल्याच वर्षी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं असेल तर ४४ क्रेडिटवर चार कौशल्य क्रेडिट जास्तीचे लागतात.

आता नावाचं. बारावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, हे आपल्याकडे घरोघरी आहे. एबीसी आयडी आधारवरून निघतो, विद्यापीठ नाव बारावीवरून घेतं, आणि मग क्रेडिट खात्याला जोडले जात नाहीत. प्रवेशाच्या आधी ठरवा. पदवी नव्या नावाने हवी असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून त्याची प्रत प्रवेश अर्जालाच जोडा. नको असेल तर सगळे फॉर्म बारावीच्याच नावाने भरा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवा. अर्ध्या फॉर्मवर एक आणि अर्ध्यांवर दुसरं, हे मात्र नको.

शेवटच्या सत्राचा निकाल लागला की पदवी घरी येते असं नाही. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षान्त समारंभाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची मुदत आणि फी वेगळी असते आणि ती चुकली तर पुढच्या समारंभापर्यंत थांबावं लागतं. नोकरीत लगेच दाखवायचं असेल तर तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्या. अर्जातलं देवनागरी नाव आणि रोमन लिपीतलं स्पेलिंग दोन्ही जुन्या मार्कशीटशी अक्षर-अक्षर ताडून बघा. छापून आलेल्या पदवीतली चूक सुधारायला पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी.