रेडिएटरमधलं तांबडं पाणी

रत्नागिरीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गोठायची भीती नाही, म्हणून गाडीच्या आधीच्या मालकाने बिनधास्त विहिरीचं पाणी भरलेलं. आंबा घाटात तापमानाचा काटा लालकडे गेला. इंजिन पूर्ण निवल्यावरच झाकण उघडलं (गरम असताना उघडलंत तर तोंड भाजेल). आत चहासारखं पाणी, झाकणाच्या रबरावर गंजाची चिकट साय.

घरी खालचा पाइप सोडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलला. मग ग्लायकॉलचं कूलंट नि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हे उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. त्याचं आपल्याला काय! पण उकळतंही पाण्यापेक्षा उशिरा आणि गंज धरू देत नाही. अडकलेली हवा काढायला हीटर लावून इंजिन चालू ठेवलं, तेही मे महिन्यात. सांडलेलं लगेच पुसा. चवीला गोड पण विषारी, मांजरं चाटतात.