टॅकल कधी आणि कसं: कबड्डीच्या पोरांना रग्बीत आणताना

मुलांना टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणं, कितव्या वर्षी शिकवायचं, यावर जगाचं एकमत नाही. इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालच्या गटापर्यंत फक्त टॅग (पाडण्याऐवजी कमरेची फीत ओढायची) खेळतात. नऊ वर्षांखालच्या गटात पहिल्यांदा टॅकल येतं आणि रक (जमिनीवरच्या चेंडूवर उभ्याने रेटारेटी), स्क्रम (दोन्ही संघांनी बांधून घेऊन केलेली ढकलाढकली) त्यानंतर टप्प्याटप्प्याने. त्याच ब्रिटनमध्ये २०१६ साली सत्तरहून अधिक डॉक्टर आणि अभ्यासकांनी शालेय रग्बीतून टॅकल काढूनच टाका, असं जाहीर पत्र सरकारला लिहिलं होतं.

यातला कुठलाही आकडा उचलून दापोलीच्या किंवा मालवणच्या मैदानावर लावता येत नाही. इंग्लंडमधलं पोर पाच-सहा वर्षांचं असल्यापासून चेंडू घेऊन पळत असतं. टॅकलपर्यंत पोचताना त्याच्या अंगात टॅगचे दोन-तीन हंगाम मुरलेले असतात. आपल्याकडचं पोर पाचवी-सहावीत पहिल्यांदा तो लांबुळका चेंडू हातात घेतं, पण तोवर वाडीतल्या मंडळाच्या मैदानावर कबड्डीच्या पकडी मारून मोकळं झालेलं असतं. म्हणजे झोंबाझोंबीची भीती नाही आणि रग्बीची सवयही नाही. प्रशिक्षकाला खरं काम इथेच आहे.

वयाचा ढोबळ हिशेब असा धरा. नऊ वर्षं पूर्ण होईपर्यंत फक्त टॅग. नऊ-दहा वर्षांना टॅगसोबत पडायला शिकणं आणि जमिनीवरचे झटापटीचे खेळ. दहाव्या-अकराव्या वर्षी गुडघ्यावरून टॅकल. सामन्यात टॅकल अकरा पूर्ण झाल्यावर, तेही टॅगची निदान पंचवीस-तीस सत्रं झालेली असतील तरच. मूल बारा वर्षांचं आहे पण कालच मैदानावर आलंय, तर त्यालाही आधी टॅगच. महिन्यावर स्पर्धा आहे म्हणून हा क्रम तोडू नका. संघ कमी पडत असेल तर नाव मागे घ्या.

टॅगला पोरखेळ समजू नका, टॅकलचं अर्धं शिक्षण त्यातच होतं. पट्ट्याला दोन्ही कुल्ल्यांवर लटकणारी फीत ओढायची तर नजर समोरच्याच्या चड्डीवर ठेवावी लागते, गुडघे वाकवून खाली जावं लागतं आणि पाय जवळ न्यावे लागतात. टॅकलला हेच तिन्ही लागतं. विकतचे पट्टे नसतील तर जुन्या साडीच्या साधारण पस्तीस सेंटीमीटर लांब पट्ट्या चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचा. गाठ मारू नका, ओढली की सुटली पाहिजे. नऊ वर्षांखालच्या गटापर्यंत चेंडू तीन नंबरचा, दहा ते चौदा वर्षांखालच्या गटांना चार नंबरचा.

मूल तयार झालं की नाही, हे बघायला पाच मीटर रुंद आणि दहा मीटर लांब पट्टा आखा. एक चेंडू घेऊन येणारा, एक अडवणारा. अडवणाऱ्याने सूर न मारता दहापैकी सात वेळा फीत काढली, आणि डावीकडून उजवीकडून दोन्ही बाजूंनी काढली, तर पुढे जा. शिट्टी वाजताच थांबतो का, हेही पाहा. जो शिट्टीनंतरही ओढत राहतो त्याला अजून टॅकल नको, मग तो कितीही दणकट असो. आणि जो मागे-मागे राहतो त्याला पुढे ढकलू नका. घाबरलेलं मूल डोळे मिटून, मान खाली घालून जातं. टॅकलमध्ये याहून वाईट काही नाही.

कबड्डीतलं काय ठेवायचं, काय सोडवायचं

खाली बसून सरकणं, समोरच्याच्या पायांवर लक्ष, धरल्यावर न सोडण्याची जिद्द, हे सगळं ठेवा. शहरातल्या पोरांना हे शिकवायला महिने जातात.

पण दोन खेळांत वेगाचा फरक मोठा आहे. पुरुषांचं कबड्डीचं मैदान तेरा बाय दहा मीटरचं, एका बाजूला साडेसहा मीटर. तेवढ्यात चढाईपटूला पूर्ण वेग पकडायला जागाच नसते. रग्बीत चेंडूवाला वीस-तीस मीटरवरून धावत येतो. साडेसहा मीटरात चालून जाणारी पकड त्या वेगाला घातक ठरते.

सगळ्यात आधी अँकल होल्ड (घोट्याची पकड) सोडवा. घोट्यावर झेप घेताना डोकं थेट समोरच्याच्या गुडघ्याच्या वाटेत जातं. कबड्डीत पाय त्या क्षणी जवळपास थांबलेला असतो, रग्बीत तो जोरात पुढे येत असतो. झेप घेतली की पाय जमिनीवरून सुटतात आणि मग दिशा बदलायला हातात काही उरत नाही. ‘पाय जमिनीवर असतानाच खांदा लागला पाहिजे’ हा नियम पहिल्या दिवसापासून लावा आणि झेपेला टॅकल म्हणून मोजूच नका.

मग डॅश. कबड्डीत खांद्याने धडक मारून चढाईपटूला रेषेबाहेर घालवणं हे कौशल्य आहे, टाळ्या मिळतात. रग्बीत हातांनी धरण्याचा प्रयत्न न करता मारलेली धडक धोकादायक खेळ ठरते आणि पेनल्टी जाते. दोन्ही हात मिटले नाहीत तर ते टॅकल नव्हे, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

साखळीही सोडवावी लागते. हात धरून दोघे पुढे आले की मधले हात आडव्या दांड्यासारखे होतात, आणि धावत येणाऱ्या बुटक्या मुलाच्या गळ्याशी ते येतात. खांद्याच्या रेषेच्या वरचं टॅकल रग्बीत चालत नाही. इंग्लंडने तर २०२३ पासून हौशी रग्बीत ती मर्यादा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आणली. मुलांना शिकवताना त्याहून खालचीच खूण ठेवा: कमरेच्या नाडीपासून मांडीच्या मध्यापर्यंत.

चढाईपटूचीही एक सवय आहे. पकडल्यावर तो रेषेकडे हात लांबवत उभ्याने झुंजतो. रग्बीत चेंडूवाल्याने पडायचं असतं आणि चेंडू सोडायचा असतो. उभ्याने झुंजणाऱ्यावर तिसरा-चौथा येऊन आदळतो आणि गुडघा जातो. (माऊथगार्ड घातल्यावर चढाईचा दम घेता येत नाही, ही पोरांची तक्रार खरी आहे. पण रग्बीत दम घ्यायचा नसतो, तोंड मिटून खेळायचं असतं.)

आधी पडणं

टॅकल करणाऱ्याच्या आधी टॅकल होणाऱ्याला शिकवा. गुडघा, मांडी, कुल्ला, खांदा, या क्रमाने अंग जमिनीला लागलं पाहिजे, चेंडू दोन्ही हातांत छातीशी. पडताना हात टेकला की मनगट किंवा गळपट्टीचं हाड मोडतं. चेंडू दोन्ही हातांत असला की हात टेकण्याची सोयच राहत नाही, म्हणून पडण्याचा सराव चेंडूशिवाय करूच नका. आधी गुडघ्यावर बसून दोन्ही कुशींवर दहा-दहा वेळा, मग उकिडवं, मग चालत. हनुवटी छातीकडे, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पडल्यावर कुशीवर वळून चेंडू हातभर लांब, आपल्या संघाकडे ठेवायचा. याला तीन-चार सत्रं द्या.

गुडघ्यावरून उभ्यापर्यंत

पहिल्या पायरीला दोघेही गुडघ्यावर, एक हाताचं अंतर. चेंडूवाला किंचित आडवा वळलेला. टॅकलवाला त्याच्या मांडीवर खांदा लावतो, दोन्ही हातांनी मिठी मारतो आणि कान त्याच्या कुल्ल्याला चिकटवतो. डोकं समोरच्याच्या पाठीमागे, कधीही पुढे नाही. ‘डोकं मागे, गाल ढुंगणाला’ असं सांगितलं की पोरं खिदळतात, पण विसरत नाहीत. डोकं पुढे गेलं तर चेंडूवाल्याचा कुल्ला कानशिलावर बसतो आणि वर त्याचं सगळं वजन मानेवर येतं. व्यावसायिक सामन्यांवरच्या २०१७ च्या एका अभ्यासात डोक्याच्या तपासणीची वेळ आलेल्या प्रसंगांपैकी ७६ टक्के टॅकलमधले निघाले, आणि त्यात मार बसलेला बहुतेक वेळा टॅकल करणारा होता. आपण मात्र पडणाऱ्याकडेच बघत राहतो.

दुसऱ्या पायरीला टॅकलवाला गुडघ्यावर आणि चेंडूवाला त्याच्या बाजूने चालत जाणारा. तिसरीत टॅकलवाला एका गुडघ्यावर. ज्या खांद्याने धरायचं त्याच बाजूचा पाय पुढे उभा, आणि तो समोरच्याच्या पायाजवळ. पाय लांब राहिला की अंग आडवं होतं, हात पुढे ताणले जातात आणि पोर नुसतं चड्डीला लोंबकळतं. बहुतेक चुकलेल्या टॅकलचं मूळ हातात नसतं, या पायात असतं. चौथीत उकिडवं, पाचवीत दोघे चालत, सहावीत तीन मीटरवरून हलकं धावत. मान लांब, पाठ सपाट, नजर वर. हनुवटी छातीला लागली की पाठ गोल होते आणि धक्का डोक्याच्या टाळूवर येतो. पडणाऱ्यासाठी हनुवटी आत आणि धरणाऱ्यासाठी वर, हा उलटा नियम एकाच दिवशी शिकवलात तर मुलं गोंधळतात. दिवस वेगळे ठेवा.

एका पायरीवर दोन्ही खांद्यांनी सलग पाच-पाच वेळा नीट जमल्याशिवाय वरच्या पायरीवर नेऊ नका. प्रत्येक सत्रात कमजोर खांद्याने सुरुवात करा. आवडीच्या खांद्याने सुरू केलं की दुसऱ्याची पाळी दमल्यावर येते. आठवड्याला दोन सत्रं असतील तर सहा पायऱ्यांना दोन-अडीच महिने लागतात. एका सत्रात झटापटीचा भाग पंधरा मिनिटं आणि एका मुलामागे बारा ते पंधरा टॅकल, त्याहून जास्त नाही. दमलेलं मूल गुडघे वाकवत नाही, आणि गुडघे वाकले नाहीत की टॅकल वर सरकतं.

जोड्या वजनाने लावा. वयाने लावल्या तर सातवीच्या वर्गात तीस किलोचा आणि पन्नास किलोचा एकाच रांगेत उभे राहतात. कबड्डीत किशोर-कुमार गटांना वजनाची अट असतेच, त्यामुळे पालकांना हे पटवायला वेळ लागत नाही. फरक पाच किलोच्या आत ठेवा आणि जून-नोव्हेंबरला पुन्हा वजनं घ्या. या वयात चार महिन्यांत पोर ओळखू येत नाही. मुलगे-मुली एकत्र टॅगपर्यंत आणि गुडघ्यावरच्या पायऱ्यांपर्यंत चालतात, पुढे बारानंतर वेगळे गट करा.

टॅकलची गोणी घरीच होते. तांदळाच्या गोणीत पेंढा ठासून भरा, मीटरभर उंची, आठ-दहा किलो वजन, वरून जुनी गोधडी शिवा, नाहीतर प्लास्टिकची गोणी गाल सोलते. वाळू भरू नका. वाळूची गोणी हलत नाही, आणि खांद्याला भिंतीवर आदळल्यासारखं होतं. तरी गोणीवर सत्राची पाचेक मिनिटंच. ती पळत नाही, त्यामुळे तिच्यावर पायांची सवय बिघडते.

जागा

जांभ्याच्या सड्यावर किंवा वर दोन बोटं माती असलेल्या शाळेच्या मैदानावर टॅग खेळा, टॅकल नाही. पावसाळ्यात ते मऊ वाटतं, पण कातळ खालीच असतो. कापणीनंतरचं भातखाचर चांगलं दिसतं, पण त्यातली धसकटं काढल्याशिवाय कोणाला त्यावर लोळवू नका.

सर्वात चांगली जागा म्हणजे ओहोटीची ओली पुळण. टाचेने जोर दिल्यावर बोटभर खड्डा पडला पाहिजे. खड्डाच पडला नाही तर ती वाळू सिमेंटसारखी आहे, आणि टाच घोट्यापर्यंत गेली तर पाय अडकून गुडघा पिळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास ओहोटी मिळते. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी भरती असते, तो आठवडा टॅगचा. आधी एका ओळीत चालत जाऊन शिंपले, काचा, जाळ्याचे तुकडे उचला. सगळे अनवाणी, नाहीतर सगळे बुटांत, मिसळ नको. पावसाळ्यात किनारा नकोच. टॅकलचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शिमग्याच्या आधी उरकलेला बरा.

डोक्याला लागलं तर

मूल गोंधळलं, डोळे स्थिर राहत नाहीत, तोल जातो, डोकं दुखतं, मळमळतं, किंवा नुसतंच ‘सर, कसंतरी होतंय’ म्हणालं, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. शुद्ध हरपायलाच हवी असं नाही. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर दंड धरून उभं करू नका, पाणी मारू नका, कांदा हुंगवू नका. जिथे आहे तिथे डोकं स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. वारंवार उलटी, झटके, वाढती गुंगी, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, यांपैकी काहीही दिसलं तर तडक रुग्णालय. रात्री घरी कोणीतरी लक्ष ठेवणारं हवं, म्हणून निरोप मुलाकडे देऊ नका, आईवडिलांना स्वतः सांगा.

ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कन्कशन (मेंदूला हादरा) झालेल्याने किमान २१ दिवस सामना खेळायचा नसतो, आणि त्यातही आधीचे १४ दिवस कुठलंच लक्षण नसावं लागतं. डोक्यावरची मऊ टोपी कातडी वाचवते, मेंदूचा हादरा थांबवत नाही. परत येताना मूल थेट सामन्यात नको: आधी चालणं-धावणं, मग टॅग, मग गुडघ्यावरच्या पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून. तारीख वहीत लिहून ठेवा, कारण दहाव्या दिवशी पोर म्हणतं बरंय, बाराव्या दिवशी तालुक्याची मॅच आहे म्हणून काकाही म्हणतात बरंय, आणि तेव्हा वहीतला आकडा दाखवावा लागतो.