बंदीच्या दिवसात पिणं वाढलंय? हे करून बघा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी वर ओढून झापांनी शाकारलेली, हातात पैसा नाय आणि संध्याकाळ झाली की पाय आपोआप गुत्त्याकडे, हे आमच्या किनाऱ्यावर नवीन नाही. पण पहिल्या घोटाच्या आधी डोक्यात काय चाललेलं असतं ते पकडा. आठवडाभर कॅलेंडरच्या मागे लिहा, किती वाजता, किती, आणि त्याआधी काय झालं. माझ्या एका खलाशी मित्राच्या कागदावर सहापैकी चार वेळा एकच निघालं, सावकाराचा फोन. म्हणजे "आपण काय कामाचे नाय" हे मनातलं ऐकू येऊ नये म्हणून पीत होता.

स्वतःची किंमत कमी वाटते म्हणून माणूस पितोच असं नाही बरं का, एकदम बिनधास्त माणसंपण पितात. खरा घोळ होतो अडचण टाळायला प्यायलं की, कारण अडचण सकाळी तिथंच आणि वर लाज, मग ती घालवायला परत क्वार्टर.

म्हणून त्या तासाला हाताला काम लावा, फाटलं जाळं शिवा, आणि सावकाराला आपणहून फोन करून हप्त्याचं बोला. घरच्यांनी "बेवडा" म्हणणं थांबवा, उलटंच होतं.

आपलं पिणं किती धोक्याचं आहे ते तपासायला जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची ऑडिट (AUDIT) चाचणी आहे, ८ किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरशी बोला. सकाळी हात थरथरत असतील तर एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, आधी डॉक्टर. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीतपण बोलतात.