पंचेचाळिशीनंतर काळा कोट

1993 साली बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिली व्यवसायाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, एक नियम केला होता. वयाची पंचेचाळीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला वकिलीची सनद द्यायची नाही. नोकरीतून बाहेर पडलेली माणसं जुन्या ओळखींच्या जोरावर वकिली करतील, अशी भीती त्यामागे होती. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये तो नियम मनमानी ठरवून रद्द केला. पुढे तीन वर्षांच्या एलएलबीच्या प्रवेशाला कमाल तीस वर्षं वयाची अट आली, गेली, 2016 मध्ये परत आली आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तेव्हा लग्नकार्यात कुणी ‘या वयात सनद देतात का हो?’ असं विचारलं तर बिनधास्त ‘देतात’ म्हणा.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. त्याआधी वीसेक वर्षं एका सहकारी बँकेत होते, चेक वटवण्याच्या क्लिअरिंगपासून कर्जवसुलीपर्यंत सगळ्या टेबलांवर. नोकरीत असतानाच लॉ केलं, मग राजीनामा देऊन सनद घेतली. अलीकडे चाळिशी-पन्नाशीतली बरीच माणसं विचारायला येतात. कुणाची कंपनी बंद पडलेली असते, कुणाची मुलं बाहेरगावी गेलेली असतात, कुणाला नुसतंच ‘काहीतरी वेगळं’ करायचं असतं. या शेवटच्यांना मी आधी परत पाठवते. वेगळं म्हणजे काय ते नीट सांगता यायला लागलं की मग चहा प्यायला या म्हणते.

आधी कोरडा भाग उरकते. कुठल्याही शाखेची पदवी चालते. तीत किमान गुण हवेत: खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, इतर मागासवर्गीयांना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. राज्याच्या सीईटी सेलची लॉ सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिला निगेटिव्ह मार्किंग नाही आणि पेपर मराठीतही मिळतो. घरबसल्या टपालाने केलेल्या लॉच्या पदवीवर सनद मिळत नाही, जाहिरात कितीही गोड असली तरी. 70 टक्के हजेरी लागते, म्हणून नोकरी करणाऱ्याने सकाळची कॉलेजं शोधावीत. साहेबांकडून लेखी परवानगी आधी घ्यावी. पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. 2024 च्या निकालानंतर नोंदणीची फी खुल्या प्रवर्गाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये यापेक्षा जास्त घेता येत नाही. मग ऑल इंडिया बार एक्झाम. तीही मराठीतून देता येते आणि टिपा नसलेले बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्यांचा नुसता मूळ मजकूर, समोर ठेवून सोडवायची असते. पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि वकिली मात्र एकत्र चालत नाही. त्यामुळे सनदेच्या दिवसापर्यंत नोकरी, त्यानंतर नाही, असा सरळ हिशोब करायचा.

अभ्यासाची धास्ती सगळ्यांना असते. मला ती फारशी खरी वाटत नाही. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट 1872 चा आहे. ज्याने आयुष्यभर करारावर सह्या घेतल्या त्याला तो विशीतल्या पोरांपेक्षा लवकर कळतो. पाठांतर कमी पडतं हे खरं, पण 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर मुरलेल्या वकिलांनाही कलमांचे आकडे नव्याने घोकावे लागले. खुनाच्या तीनशेदोनचं एकशेतीन झालं. त्या बाबतीत आपण आणि ते एका ओळीत. शेवटच्या वर्षाच्या मूट कोर्टाच्या, म्हणजे सरावाच्या कोर्टाच्या, पेपरात दोन खटले प्रत्यक्ष बघून जर्नल लिहायचं असतं, एक दिवाणी आणि एक फौजदारी. बहुतेक मुलं एकमेकांचं उतरवून काढतात. तुम्ही जाऊन बसा. कोर्ट आपल्याला मानवतं की नाही, हे त्या बाकावर दोन तास काढले की समजतं.

खरी परीक्षा सनद मिळाल्यावर सुरू होते, आणि ती हुद्द्याची असते.

बँकेत माझ्या सहीने कर्ज मंजूर व्हायचं. इथे माझे सीनियर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणते, ते मला ताई म्हणतात, आणि सुरुवातीला काम काय, तर नक्कल विभागात रांग लावणं, पुरसिस म्हणजे कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन दाखल करणं, मुदतीचा अर्ज देणं. “ताई, तेवढा आपल्या मॅटरचा पुकारा झाला की उभ्या राहा, मी वरच्या कोर्टात आहे,” एवढं सांगून सर जिना चढायचे. मग आपण बोर्डावरचा नंबर बघत बसायचं. शेजारी पंचविशीची मुलगी त्याच कामासाठी बसलेली. तिला कुणी काही विचारत नाही. आपल्याला मात्र पक्षकार ज्येष्ठ वकीलच समजतात आणि ‘मॅडम, आमच्या केसचं काय होईल?’ म्हणून घेरतात. तेव्हा ‘सर येतील, ते सांगतील’ म्हणता यायला हवं. हे ज्यांना जमत नाही ते वर्षभरात बाररूममध्ये पेपर वाचताना दिसतात.

सीनियर निवडताना नावाचा बोर्ड किती मोठा आहे ते बघू नका. त्यांच्याकडे पुराव्याची कामं चालतात का, सरतपास-उलटतपास रोज होतो का, ते बघा. केस तडजोडीत काढण्यात वाकबगार असलेले वकील पैसे छान मिळवतात, पण त्यांच्याकडे तुम्हाला साक्षीदारासमोर उभं राहायला मिळणार नाही. पन्नाशीत शिकायला वर्षं मोजकीच असतात, म्हणून हा मुद्दा तुमच्यासाठी पंचविशीतल्या मुलीपेक्षा जास्त महत्त्वाचा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. मागचं काम मागे टाकून येऊ नका. नव्या व्यवसायात शिरताना लोक पाटी कोरी करायला निघतात आणि ज्याच्यावर चार पैसे मिळतील तेच पुसून टाकतात.

सनद घेतल्यावर काही महिन्यांतली गोष्ट. पशुखाद्याचा एक दुकानदार सरांकडे आला. गिऱ्हाइकाने दिलेला चेक परत आलेला. चेक 10 जूनचा, बँकेचा रिटर्न मेमो 14 जूनचा, आणि गडी आला जुलै संपता संपता. गिऱ्हाईक ‘पुढच्या बाजाराला देतो’ म्हणत राहिलं आणि हे थांबत राहिले. न वटलेल्या चेकची फौजदारी फिर्याद कलम 138 खाली होते, आणि त्यासाठी चेक परत आल्याची खबर मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस जावी लागते. ते तीस दिवस गेलेले. ऑफिसातला एक ज्युनिअर म्हणाला, “एकशेअडतीस गेलं, आता दिवाणी दावा लावू.” मी चेक हातात घेऊन तारीख बघितली. 2012 च्या एप्रिलपासून चेक तीन महिने चालतो, म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो जिवंत होता. “उद्या सकाळी परत भरा,” म्हटलं, “आणि नवा मेमो आला की त्याच दिवशी इकडे या.” पुन्हा भरलेला चेक पुन्हा परत आला तर नव्याने नोटीस देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच स्पष्ट केलं आहे. ते सरांना ठाऊक होतं. पण चेक उलटा करून आधी तारीख आणि मागचे शिक्के बघायचे, ही सवय क्लिअरिंगच्या टेबलाची. दुसरा मेमो आला, नोटीस गेली, पंधरा दिवस वाट पाहिली आणि पुढच्या महिन्याच्या आत फिर्याद दाखल झाली. त्यानंतर ऑफिसात आलेली चेकची प्रत्येक केस आधी माझ्या टेबलावर यायला लागली. रांगेतलं काम मग आपोआप कमी झालं.

प्रत्येकाकडे असं काहीतरी असतं. तलाठी कार्यालयात किंवा भूमी अभिलेखमध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस सात-बारा आणि फेरफार नुसता चाळून घोटाळा कुठे आहे ते सांगतो. तरुण वकिलाला त्यासाठी महिना लागेल. दवाखान्यात नर्स असलेल्या बाईला अपघात भरपाईच्या दाव्यातली डॉक्टरांची कागदपत्रं वाचता येतात. मुख्याध्यापकाला शाळा न्यायाधिकरणातली बडतर्फीची प्रकरणं नवी नाहीत. सोसायटीच्या सचिवाला सहकार न्यायालय परकं नाही. माझ्या जुन्या बँकेविरुद्धचं काम मात्र मी घेत नाही, आणि बँकेच्या बाजूनेही नाही. ज्या फायलींवर माझीच सही आहे त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं. 1993 च्या त्या नियमामागची भीती अगदीच हवेतली नव्हती.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते, कारण इथेच घोडं पेंड खातं. तीन वर्षं शिक्षणाची, पुढची दोन-तीन ज्युनिअरशिपची. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरना शहरात दरमहा 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार द्यावेत असं सुचवलं आहे. सुचवलं आहे एवढंच. तालुक्याला बऱ्याच ठिकाणी पेट्रोल सुटलं तरी खूप. घरात दुसरी मिळकत नसेल तर तेवढ्या वर्षांचा खर्च बाजूला काढल्याशिवाय राजीनामा लिहू नका. ईपीएसची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीसोबतच्या योजनेची, पेन्शन 58 ला पूर्ण मिळते. 50 नंतर घेता येते, पण जितकी वर्षं आधी घ्याल त्यातल्या दर वर्षामागे 4 टक्के कमी होतात, आणि ही कपात कायमची असते. पहिल्या तंगीत ती घ्यायचा मोह होतो. शक्य तितका टाळा. भविष्य निर्वाह निधीला हात लावून मोठं ऑफिस थाटणारेही पाहिलेत. तालुक्याला पक्षकार फर्निचर बघून येत नाहीत, कोर्टाच्या पायरीवर कुणीतरी नाव सांगितलं म्हणून येतात.

वयाने काही दारं बंद होतात तीही सांगून टाकते. कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेला कमाल वयाची अट आहे, त्यामुळे ते स्वप्न मुलांसाठी ठेवा. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर साधारण तीन वर्षांच्या वकिलीनंतर जाता येतं. पैसे बेताचे, पण कामाची विविधता भरपूर, नवख्यासाठी उत्तम. नोटरीसाठी सर्वसाधारणपणे दहा वर्षं वकिली लागते, महिलांना आणि मागासवर्गीयांना सात. पंचेचाळिशीत सीईटी दिलेली बाई पंचावन्नच्या पुढे नोटरीसाठी अर्ज करू शकते. उतारवयात कोर्टात दिवसभर उभं राहायचं नसेल तर ही सोय आतापासून डोक्यात ठेवण्यासारखी आहे.

आणि कागदपत्रं. पंचवीस वर्षांपूर्वीची पदवी असलेल्यांचं सगळ्यात जास्त इथेच अडतं. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, दहावीच्या सनदेवर वडिलांच्या नावात चूक. विवाह नोंदणीचा दाखला काढा, नाही तर नाव बदलाची राजपत्रात नोंद करून घ्या. मूळ गुणपत्रिका हरवली असेल तर विद्यापीठात दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा, तिला वेळ लागतो. मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र कॉलेज मागतंच. विद्यापीठ वेगळं असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटही लागेल. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर डिसेंबरपासून लक्ष ठेवा, आणि कागदांना दिवाळीच्या आधी हात घाला, कारण विद्यापीठाच्या खिडकीवर जानेवारीत भरणारी गर्दी सगळी तुमच्यासारख्यांचीच असते.