लेन्स कधी घालायची, कधी काढून ठेवायची: वैमानिक होऊ पाहणाऱ्यांसाठी

कॉन्टॅक्ट लेन्स घालून वायुदलाच्या फ्लाइंग ब्रँचमध्ये जाता येतं का? मायनसचा नंबर असेल तर नाही. लेन्सने स्पष्ट दिसायला लागतं, पण नंबर जात नाही, आणि मेडिकल बोर्ड मोजतं तो नंबर.

निकष असे आहेत. वैमानिकासाठी एका डोळ्याची नजर 6/6 आणि दुसऱ्याची 6/9 लागते. ही 6/9 चष्म्याने 6/6 पर्यंत यायला हवी आणि ही सवलत फक्त प्लसच्या नंबराला आहे. प्लस 2.00 पर्यंत चालतो, सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) 0.75 पर्यंत, तोही त्या 2.00 च्या आत. नेहमीच्या तपासणीत मायनस शून्य हवा; रेटिनोस्कोपीत, म्हणजे डॉक्टर डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढतात त्यात, तेवढा मायनस 0.50 चालवून घेतात. अर्ज भरताना त्या वर्षीच्या जाहिरातीतला तक्ता स्वतः वाचा. अकॅडमीतल्या सरांच्या तोंडी असलेला आकडा जुना असू शकतो.

मग लेन्सचा उपयोग कुणाला? ग्राउंड ड्यूटीच्या शाखांसाठी तयारी करणाऱ्यांना, ज्यांना पळताना आणि ऑब्स्टॅकल्सवर चष्मा नको असतो. लेसर ऑपरेशनला अजून अवकाश आहे अशांना. डीजीसीएच्या परवान्यासाठी नागरी उड्डाण शिकणाऱ्यांना, कारण तिथे लेन्सला परवानगी आहे. आणि गणवेशातल्या अशांना, ज्यांना त्यांच्या मेडिकल ऑफिसरने लेखी परवानगी दिली आहे. दुकानदाराने ‘चालतंय की’ म्हटलं, ही परवानगी नव्हे.

मेडिकलच्या आधी

लेन्स घालून तपासणीला बसण्याचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. सॉफ्ट लेन्सचा व्यास साधारण 14 मिलिमीटर असतो, म्हणजे ती बुबुळाच्या कडेबाहेर पांढऱ्या भागावर टेकते. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डॉक्टरांच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, ही कड लगेच दिसते. रात्री झोपताना घालायच्या कडक ऑर्थो-के लेन्सचंही तसंच. त्या कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक थर) तात्पुरता चपटा करतात, एक-दोन दिवस नंबर कमी लागतो, पण कॉर्नियाच्या नकाशात तो चपटा गोल उमटतो. नंबरासाठी बाद झालेला उमेदवार निदान दुसऱ्या शाखेत अर्ज करू शकतो. लपवाछपवीत सापडलेल्याची गोष्ट वेगळी असते.

प्रामाणिकपणे लेन्स वापरणाऱ्यांचंही इथे नुकसान होतं, ते वेगळ्या कारणाने. लेन्सच्या दाबाने आणि प्राणवायू कमी पडल्याने कॉर्निया किंचित सुजतो, त्याचा आकार बदलतो. काढल्या काढल्या नंबर तपासला तर खरा येत नाही. सिलिंडर तर हमखास इकडचा तिकडे होतो. म्हणून साधी सॉफ्ट लेन्स तपासणीच्या किमान दोन आठवडे आधी बंद करायची, सिलिंडरची टोरिक असेल तर तीन आठवडे धरा, कडक आरजीपी लेन्स असेल तर निदान चार. अनेक वर्षं आरजीपी वापरलेल्यांनी आठवड्याच्या अंतराने दोनदा नंबर काढून पाहावा. दोन्ही वेळा तोच आला तर कॉर्निया पूर्वपदावर आला असं समजायचं.

दिवस मोजताना मेडिकलची नव्हे, एसएसबीची, म्हणजे त्याआधीच्या निवड मंडळाच्या मुलाखतीची तारीख धरा. शिफारस झालेल्यांना दिल्ली किंवा बंगळुरूच्या वैद्यकीय केंद्रात बोलावणं यायला फार वेळ लागत नाही, तेव्हा मध्ये दोन आठवडे मिळतीलच असं नाही. म्हणजे म्हैसूरच्या एअर फोर्स सिलेक्शन बोर्डाला निघताना डोळ्यावर चष्माच असायला हवा. रात्रभराच्या एसी बसमध्ये लेन्स घालून डुलकी काढणं तसंही वाईटच. सकाळी ती डोळ्याला चिकटलेली असते.

रंगांची तपासणी वेगळी. रंगीत लेन्स घालून रंगांधळेपणा झाकता येत नाही. वैमानिकासाठी सीपी-1 दर्जा लागतो, तो मार्टिन लँटर्नने तपासतात. अंधाऱ्या खोलीत दिव्याचे बारीक ठिपके ओळखायचे असतात.

लेसरचा हिशेब

‘लेन्स सोड, लेसिक कर’ हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. अटी मात्र कुणी सांगत नाही. ऑपरेशन विसाव्या वर्षाच्या आधी झालेलं नको, झाल्यावर 12 महिने उलटलेले हवेत, आधीचा नंबर 6 पेक्षा जास्त नको, ऑपरेशननंतर कॉर्नियाची जाडी किमान 450 मायक्रॉन उरलेली हवी आणि डोळ्याची लांबी 25.5 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. एनडीएचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस, तेव्हा त्या मार्गाला लेसर उपयोगाचंच नाही. एएफकॅटची (वायुदलाच्या प्रवेश परीक्षेची) फ्लाइंग ब्रँच 20 ते 24 वर्षांची. विसाव्याला ऑपरेशन केलं तरी एकविसाव्यापर्यंत थांबायचं, पुढे जेमतेम तीन वर्षं उरतात. जुनी रेडियल केराटॉटॉमी, म्हणजे कॉर्नियाला चिरा देऊन नंबर घालवायचं ऑपरेशन, झाली असेल तर वायुदलाचा विषय संपला.

डोळ्याची लांबी ऑपरेशनने बदलत नाही, लेसर फक्त समोरचा कॉर्निया घासतो. म्हणून पैसे भरण्याआधी आयओएल मास्टरवर लांबी मोजून घ्या. ती 25.9 निघाली तर लेसरनंतर 6/6 दिसूनही फ्लाइंगसाठी अपात्रच. ही तपासणी ऑपरेशनच्या खर्चापुढे काहीच नाही, पण ती आधी करण्याचं अनेकांना सुचत नाही.

लेन्स घेताना

कोल्हापुरात राजारामपुरीत घ्या नाहीतर महाद्वार रोडला, चष्म्याच्या चिठ्ठीवर लेन्स घेऊ नका. लेन्सची चिठ्ठी वेगळी असते. तिच्यावर पॉवरबरोबर बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची वक्रता (बहुधा 8.4 ते 8.8), आणि व्यास लिहिलेला असतो. चष्मा डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर लांब बसतो, लेन्स डोळ्यावरच. त्यामुळे मायनस 4 च्या पुढे पॉवर बदलते. चष्म्याचा मायनस 5.00 असेल तर लेन्सचा 4.75 येतो. 5.00 चीच घेतली तर दिसतं छान, पण जवळचं वाचताना डोके दुखतं.

मटेरियल सिलिकॉन हायड्रोजेल घ्या, कारण त्यातून प्राणवायू जास्त जातो. रोज नवी घालून रात्री फेकायची डेली लेन्स महाग पडते, पण अकॅडमीच्या वसतिगृहात, जिथे बेसिन चार जणांत एक, तिथे तीच परवडते. डबी नाही, सोल्युशन नाही. उड्डाणासाठी लेन्स एकाच पॉवरची आणि बिनरंगाची हवी. मल्टिफोकल किंवा एका डोळ्याला लांबची, दुसऱ्याला जवळची असला प्रकार नको, खोलीचा अंदाज चुकतो.

पहिल्या दिवशी चार तास, मग रोज दोन तास वाढवत आठवड्यात आठ-दहा तासांपर्यंत जायचं. दोन आठवड्यांनी स्लिट लॅम्पखाली दाखवायचं, त्रास नसला तरी.

घालणं आणि काढणं

हात साबणाने धुवा, बिनलवीच्या कापडाने पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटाला लेन्स चिकटून बसते, डोळ्यावर उतरत नाही. नेहमी उजवी आधी, म्हणजे अदलाबदल होत नाही. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने पाहा: कड वाटीसारखी सरळ वर असेल तर बरोबर, बशीसारखी बाहेर पसरली असेल तर उलटी झाली आहे. उलटी घातली तरी दिसतं, पण टोचते आणि पापणी मिटताना सरकते. मधल्या बोटाने खालची पापणी ओढा, दुसऱ्या हाताने वरची पापणी पापण्यांच्या केसांच्या मुळाशी धरा, लेन्स ठेवा, खाली पाहून हळू मिटा. काढताना वर पाहायचं, लेन्स बोटाने खाली पांढऱ्या भागावर ओढायची आणि मग चिमटीत घ्यायची. बुबुळावरूनच चिमटा काढला तर कॉर्निया खरवडतो.

महिन्याच्या लेन्स असतील तर तळहातावर सोल्युशन टाकून प्रत्येक बाजू वीस सेकंद चोळा, खळखळून धुवा, डबीत ताजं सोल्युशन भरून किमान सहा तास ठेवा. कालच्या सोल्युशनमध्ये आजचं थोडं ओतणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. जंतुनाशकाचा जोर गेलेला असतो, उरतं ते पाणी. डबी सोल्युशननेच धुवायची, उपडी ठेवून वाळवायची, दर तीन महिन्यांनी बदलायची. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहा. तीन महिन्यांनंतर शिल्लक असली तरी टाकून द्या. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन वापरत असाल तर ते त्याच्याच खास डबीत सहा तास निवल्याशिवाय डोळ्यात नको, भाजल्यासारखं होतं.

नळाचं पाणी लेन्सला कधीच नाही. गोड्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असतो, तो लेन्सखाली अडकला की कॉर्नियात शिरतो आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. पंचगंगेत पोहायला उतरताना, टाकीत डुंबताना, अगदी अंघोळीलाही लेन्स बाहेर.

कोल्हापुरातले धोके

तिखट हा इथला पहिला शत्रू. तांबडा रस्सा भाकरीशी कुस्करून खाल्लेला हात एकदा धुऊन निघत नाही; मिरचीतलं तिखट तेलात मुरलेलं असतं, पाण्यात विरघळत नाही. म्हणून रात्री लेन्स जेवणाआधीच काढा. डंकावर चटणी कुटून आणलेली असेल, तर तिचा डबा उघडणाऱ्या हातांनाही हाच नियम. तिखट लेन्सवर गेलंच तर आधी लेन्स काढा, मग भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. ती लेन्स परत घालू नका; मऊ लेन्स तिखट शोषून घेते, कितीही चोळली तरी दुसऱ्या दिवशी चावते.

गुऱ्हाळं पेटली की चुलवाणात जळणाऱ्या चिपाडाची राख हवेत असते. पहाटे उसाच्या पट्ट्यातून पळणाऱ्यांनी त्या काळात चष्मा घालून पळावं. तालमीत लेन्स नकोच. लाल मातीत हळद, तेल, ताक असतं, कण लेन्सखाली गेला की कॉर्नियावर ओरखडा ठरलेला. जोतिबाच्या चैत्र यात्रेला गुलालात जाणार असाल तर आदल्या रात्रीच काढून ठेवा.

विमानात

हा भाग परवानगी असलेल्यांसाठी. 10,000 फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण सत्तर टक्केच असतो, म्हणजे कॉर्नियाला मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. त्यात केबिनची हवा कोरडी, आणि उपकरणांकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात. लेन्स सुकते, आकसते, कडेने उचलली जाते आणि नजर येते-जाते. उपाय साधा आहे. उपकरणांवरून नजर फिरवण्याच्या प्रत्येक फेरीला एकदा पूर्ण पापणी मिटायची, अर्धवट नव्हे. ऑक्सिजन मास्क नाकाच्या वरच्या बाजूने गळत असेल तर हवेचा झोत थेट डोळ्यात येतो. थेंब टाकत बसण्याआधी मास्कचे पट्टे नीट बसवून घ्या.

उंचीवर लेन्सखाली हवेचे बारीक बुडबुडे होतात. सॉफ्ट लेन्सखाली ते कडेला राहतात, नजरेला अडवत नाहीत. कडक लेन्सखाली मध्यभागी जमले तर धूसर दिसतं. जास्त जी (जोरात वळताना अंगावर येणारा भार) आला की सॉफ्ट लेन्स थोडी खाली घसरते आणि परत जागेवर येते, कडक लेन्स जास्त सरकते. अमेरिकी वायुदलाने 1989 मध्ये आपल्या वैमानिकांना परवानगी दिली ती सॉफ्ट लेन्सचीच.

त्याच नंबराचा चष्मा खिशात, चेन लावलेल्या कप्प्यात हवाच. नागरी वैमानिकांनाही आंतरराष्ट्रीय नियमाने तो हाताशी ठेवावा लागतो. काड्या सरळ आणि पातळ घ्या, हेल्मेटखाली वाकड्या काड्या कानामागे रुततात. लेन्स सरकली किंवा पडली तर डोळा चोळायचा नाही, काही शोधायचं नाही. आधी कंट्रोल्स प्रशिक्षकाकडे द्यायचे, त्यांनी घेतल्याचं कानांनी ऐकायचं, मगच दुसरी लेन्स काढून चष्मा लावायचा. एका डोळ्यात लेन्स ठेवून वर चष्मा घातला तर त्या डोळ्याला दुप्पट नंबर लागतो आणि धावपट्टी धूसर दिसते. एकट्याने उडत असाल तर आधी विमान सरळ आणि समतल, बाकी नंतर.

थेंब फक्त प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, लेन्सवर चालणारे. लाली घालवणारे थेंब आणि ॲलर्जीच्या गोळ्या मेडिकल ऑफिसरला न विचारता घेऊ नका. त्यातल्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते.

डोळा लाल झाला तर

लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, अंधुक दिसणं यांतलं एक जरी असलं तरी लेन्स लगेच बाहेर. अर्ध्या तासात बरं वाटलं म्हणून परत घालायची नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा, आणि जाताना लेन्स, डबी, सोल्युशनची बाटली पिशवीत घालून घेऊन जा. जंतू कोणता ते त्यातून तपासता येतं. डोळ्यावर पट्टी बांधू नका, उबेत जंतू वाढतात. मेडिकलच्या दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच नकोत. लाली दोन दिवसांत उतरते आणि आत जखम पसरत राहते. डॉक्टरांनी स्लिट लॅम्पखाली पाहून हो म्हटल्यावरच पुन्हा सुरुवात, तीही नवी जोडी, नवी डबी आणि नवी बाटली घेऊन.